हडसनवरचं हेलिकॉप्टर हवेतच का तुटलं? (आणि बाबांना बसू द्यावं का?)

नळस्टॉप

मंडळी, प्रश्न घरगुती आहे, पण उत्तर तांत्रिक हवं आहे.

ताई जर्सी सिटीला असते. आईबाबा ऑक्टोबरमध्ये तिच्याकडे चाललेत. बाबांना पंचाहत्तरी लागतेय, आणि त्यांनी परवा जेवताना जाहीर केलं की सत्यनारायण वगैरे काही नको, न्यूयॉर्कवरून हेलिकॉप्टरची फेरी मारायची. आयुष्यभर कोथरूड ते स्वारगेट बसने उभ्याने प्रवास केलेला माणूस. मला नाही म्हणवेना.

मग मी नको ते केलं. यूट्यूब उघडलं. १० एप्रिल २०२५ला हडसन नदीत पडलेल्या हेलिकॉप्टरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. बेल २०६ एल-४. स्पेनहून आलेलं कुटुंब, आईवडील आणि तीन मुलं, शिवाय पायलट. सहाही जण गेले. मॅनहॅटनच्या कडेने वर जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजपर्यंत जाऊन ते परत येत होतं. व्हिडिओत नुसतं धड खाली पडताना दिसतं, वर पंखा नाही, मागे शेपूट नाही. आणि पंखा वेगळाच, गरगरत, सावकाश खाली येतो. तो पंखा डोळ्यांसमोरून जात नाही.

बाबांचं म्हणणं, "इंधन संपलं असेल, पेपरात होतं." मला ते पटत नाही. जाणकारांनी सांगावं: हवेत हेलिकॉप्टरचे तुकडे कशाने होतात?

चहाबाज

अमेरिकेपर्यंत कशाला जाता, बावधनला या.

पाषाणकन्या

चहाबाज, मी बावधनपासून हाकेच्या अंतरावर राहते, म्हणून हा विनोद सोडून देते. २ ऑक्टोबर २०२४ची सकाळ. धुकं इतकं की आमच्या गॅलरीतून समोरची टेकडी दिसत नव्हती. त्या धुक्यात जवळच्या हेलिपॅडवरून उडालेलं हेलिकॉप्टर काही मिनिटांत टेकडीच्या बाजूला पडलं, दोन पायलट आणि एक इंजिनिअर गेले. त्याच्या आधी ऑगस्टमध्ये, २४ तारखेला, पौडजवळ एक पडलं होतं. भर पावसात. त्यातले चौघेही वाचले.

दोन्ही उड्डाणं पर्यटनाची नव्हती आणि दोन्हींत हवा वाईट होती. हडसनला तसं वादळ-धुकं काही नव्हतं. तेव्हा एकाच टोपलीत टाकू नका.

भोसरीकर

नळस्टॉप, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मी त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. विमानातला माणूस नाही, भोसरी एमआयडीसीत ३४ वर्षं गिअर आणि हीट ट्रीटमेंट केली. त्यामुळे पोरं तो व्हिडिओ दाखवायला लागली तेव्हा मी धडाकडे नाही, पंख्याकडे बघत होतो.

आधी इंधनाचं. पायलटने आपण उतरतोय, इंधन हवंय असं कळवलं होतं, असं कंपनीच्या प्रमुखाने सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. बाबांनी वाचलं ते तेच. पण इंधन संपलं तर इंजिन बंद पडेल. पंखा उखडून कसा जाईल? गाडीतलं पेट्रोल संपलं म्हणून चाक निखळतं का?

इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं, हा गैरसमज घरोघरी आहे. माधवीलतेची ती तीन पंखांची फळं पाहिली आहेत? भिरभिरत उतरतात. तत्त्व तेच. इंजिन गेलं की पायलट डावीकडचा दांडा, कलेक्टिव्ह, लगेच खाली दाबतो. पात्यांचा कोन कमी होतो, आणि खालून वर येणारी हवाच पात्यांना फिरवत ठेवते. जमिनीजवळ आल्यावर दांडा वर ओढायचा, फिरत्या पात्यांत साठलेली ताकद एकदाच वापरायची आणि टेकायचं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. प्रत्येक पायलटला शिकवतात. फक्त दांडा दाबायला सेकंद-दोन सेकंदच मिळतात, आणि फार खालून हळू उडत असलात तर तेवढीही सवड नाही.

पण या सगळ्याला एक अट आहे. पंखा जागेवर पाहिजे.

म्हणून हडसनच्या बाबतीत प्रश्न "इंजिन का बंद पडलं" हा नाहीच. पहिल्यांदा कुठला भाग सुटला, हा आहे. पाण्यातून काढलेल्या सांगाड्यात एनटीएसबीला, म्हणजे त्यांच्या अपघात चौकशी मंडळाला, मुख्य रोटर हा गिअरबॉक्स आणि छताच्या तुळईसकट मिळाला. शेपूट वेगळं. धड वेगळं. म्हणजे पाती तुटून उडाली नाहीत, पाती धरून ठेवणारं सगळं बिऱ्हाडच छतासकट उपटून गेलं.

बाकी नातवाला क्लासला सोडून आल्यावर लिहितो.

आकाशवेडा

मी कामशेतला पॅराग्लायडिंग करतो, हेलिकॉप्टरचं वाचन भरपूर आहे. माझ्या मते हे शंभर टक्के मास्ट बंपिंग आहे.

बेल २०६ला दोनच पाती असतात आणि ती मध्यावर सी-सॉसारखी टेकलेली असतात. एक वर गेलं की दुसरं खाली. उडताना पंख्यावर सगळं वजन लटकलेलं असतं तोवर झकास. पण पायलटने वर चढून एकदम समोरचा दांडा, सायक्लिक, पुढे ढकलला (काकांचा डावीकडचा नव्हे), तर क्षणभर सगळं हलकं होतं. रोलर कोस्टरच्या माथ्यावर पोटात गोळा येतो ना, ते. त्या क्षणी पंख्याचा धडावरचा ताबा सुटतो. शेपटीचा पंखा मात्र ढकलतच असतो, त्याने धड उजवीकडे कलंडायला लागतं. पायलट सवयीने दांडा डावीकडे मारतो. पंखा कलतो, धड ऐकत नाही. मग पात्यांचा मधला भाग उभ्या दांड्यावर, मास्टवर, आपटतो. एक-दोन आपटीत मास्ट तुटतो, नाहीतर पातं येऊन शेपूट कापतं.

शेपूट वेगळं मिळालं ना? झालं मग.

सदाशिवपेठी

"माझ्या मते" आणि "शंभर टक्के" ही जोडी एका वाक्यात पाहून डोळे पाणावले.

आकाशवेडा

काका, चूक असेल तर दाखवा. रॉबिन्सनच्या आर२२ आणि आर४४मध्ये असे इतके अपघात झाले की अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या हवाई नियामकाने, १९९५मध्ये त्या दोन मॉडेलांसाठी पायलटांना वेगळं प्रशिक्षण सक्तीचं केलं. बेलच्या जुन्या दोन-पातीवाल्यांची जात तीच.

भोसरीकर

आकाशवेडा, तुमचं वर्णन अगदी बरोबर आहे. मलाही एवढं सोपं करून सांगता आलं नसतं. पण मास्ट बंपिंगमध्ये मास्ट तुटतो. वर पंखा, खाली गिअरबॉक्स, मध्ये काडी मोडलेली. इथे गिअरबॉक्स वरच्या भागाबरोबर गेला. त्यामुळे माझ्यासारखा माणूस उलटा विचार करतो: आधी खालचं काहीतरी सुटलं असेल, पंखा बैठकीसकट हलायला लागला असेल, पाती शेपटीत शिरली असतील, आणि मग छत फाटलं असेल. किंवा आधी शेपटीत काही झालं, हेलिकॉप्टर गर्रकन फिरलं, त्या झटक्याने वरचं सुटलं. दोन्हींत शेवटचं चित्र सारखंच दिसतं. क्रम वेगळा.

क्रम कसा कळतो? तुटलेल्या तोंडावरून. आमच्याकडे तुटलेला शाफ्ट यायचा तेव्हा आधी कोणी बोलायचं नाही, सगळे वाकून तोंड बघायचे. एका झटक्यात तुटलेलं असेल तर पृष्ठभाग सगळा खडबडीत, दाणेदार. फटीग, म्हणजे धातू पुन्हा पुन्हा ताण खाऊन थकलेला, असेल तर एका जागेपासून सुरू झालेल्या, शिंपल्यावर असतात तशा रेषा. म्हणजे भेग महिनाभर, वर्षभर थोडी थोडी सरकत होती, आणि उरलेला भाग शेवटच्या दिवशी तुटला. ज्या तुकड्यावर शिंपल्याच्या रेषा, तो पहिला गुन्हेगार. बाकीचे त्याच्या मागोमाग ओढले गेलेले.

चहाबाज

काका, तुमच्या पोस्ट वाचताना चहा गार होतो. हे कौतुक आहे.

पण मग मालकाने मेंटेनन्स केला नाही, असं सरळ म्हणा ना. सगळीकडे तेच.

भोसरीकर

तसं नाही म्हणता येत. २९ एप्रिल २०१६, नॉर्वे. तुरॉय नावाच्या बेटाजवळ एअरबसचं ईसी२२५ पडलं. समुद्रातल्या तेलाच्या फलाटावरून माणसं आणत होतं. १३ जण होते, सगळे गेले. तिथेही पंखा सुटून वेगळा उडत गेला, लोकांनी चित्रण केलं. आणि कारण? गिअरबॉक्सच्या दुसऱ्या टप्प्यातला एक प्लॅनेट गिअर, मधल्या गिअरभोवती फिरणारा छोटा गिअर. त्याच्या आतल्या बेअरिंगच्या धावेवर बारीक खड्डा, तिथून भेग सुरू झाली आणि पृष्ठभागाच्या खालून खालून सरकत गेली.

अशा गिअरबॉक्समध्ये तेलात चिप डिटेक्टर असतो. लोहचुंबक समजा. गिअर झिजला की लोखंडाचा कीस त्याला चिकटतो आणि इशारा मिळतो. पण ही भेग आतून गेली, कीस पडलाच नाही म्हणावा इतका कमी. इशारा मिळाला नाही. माणसं चोख होती, मशीन चोख होतं, वह्या चोख होत्या. २००९मध्ये स्कॉटलंडजवळ त्याच घराण्यातल्या हेलिकॉप्टरचा गिअर असाच गेला होता, १६ माणसं. तरी पुन्हा झालं.

हे वाचल्यापासून मी कुठल्याही अपघाताला "हलगर्जी" हा शब्द आधी वापरत नाही. शेवटी वापरावा लागला तर वापरतो. हडसनवालं हेलिकॉप्टर वेगळं, कंपनी वेगळी, गिअरबॉक्स वेगळा. तिथेही हेच झालं असं माझं म्हणणं नाही.

सदाशिवपेठी

ब्लॅक बॉक्स असेल की.

पाषाणकन्या

नव्हता. एनटीएसबीने सुरुवातीलाच सांगितलं की त्यावर कुठलंही रेकॉर्डर नव्हतं. इतक्या लहान हेलिकॉप्टरला तो सक्तीचा नाही. आवाज नाही, आकडे नाहीत. मोबाइलवरचे व्हिडिओ आणि तुकडे, एवढ्यावर भिस्त.

रेवा_हडसनकाठ

मी जर्सीच्याच बाजूला राहते. त्या दिवशी ऑफिसात होते, संध्याकाळी नदीकाठ बंद होता. त्यावर लिहीत नाही.

नळस्टॉप, याच शहरातला आधीचा अपघात बघ, कारण तो उलटा आहे. ११ मार्च २०१८, ईस्ट रिव्हर. दारं काढलेल्या हेलिकॉप्टरमधून फोटो काढायची फेरी. पाय बाहेर सोडून बसायचं, पाठीला हार्नेस आणि हार्नेसला दोरी. एका प्रवाशाची दोरी खाली असलेल्या इंधन बंद करायच्या दांडीत अडकली आणि ती ओढली गेली. इंजिन बंद. पायलटने काकांनी सांगितलं तसं ऑटोरोटेशन करून पाण्यावर उतरवलं. खाली तरंगण्यासाठी फुगे असतात, ते नीट फुगले नाहीत. हेलिकॉप्टर उलटलं. पायलट बाहेर आला. पाचही प्रवासी हार्नेसमध्ये अडकून बुडाले.

म्हणजे उतरण्याचा भाग जमला होता. माणसं गेली ती सुरक्षेसाठी बांधलेल्या दोरीने. ती दोरी कशी सोडायची हे त्यांना धड दाखवलेलंही नव्हतं.

नळस्टॉप

रेवा, हे माहीतच नव्हतं. ताईला पाठवतो. बाबांना नाही पाठवत.

खाऊगल्ली

पक्षी धडकला असेल. आमच्या बिल्डिंगवर घारी बघा किती.

सदाशिवपेठी

घारीने गिअरबॉक्स उपटला. भले.

आकाशवेडा

हसू नका, पक्ष्याने काच फुटून पायलट दचकला आणि दांडा ढकलला गेला तर? पुन्हा माझं मास्ट बंपिंग. (मी हट्ट सोडलेला नाही, फक्त शंभरवरून साठ टक्क्यांवर आलोय.)

पाषाणकन्या

सगळे गिअर आणि मास्टमध्ये अडकलेत. पर्यटनाच्या फेऱ्यांमध्ये मशीन तुटण्यापेक्षा साध्या गोष्टींनी माणसं जास्त गेलेली दिसतात.

हवाईतलं कवाई बेट, २६ डिसेंबर २०१९. पायलट ढगात जात राहिला, डोंगराला धडकला, सात जण. आपल्या सह्याद्रीसारखेच कडे, आणि ढग तसेच अचानक उतरतात. ताम्हिणीत जुलैमध्ये गाडी चालवलेल्या कोणालाही हे समजेल. फक्त गाडी बाजूला लावता येते.

ऑस्ट्रेलियातलं गोल्ड कोस्ट, २ जानेवारी २०२३. एकाच कंपनीची दोन हेलिकॉप्टरं, एक उतरतंय, एक चढतंय, हवेत टक्कर. चार गेले. चौकशीत निघालं की चढणाऱ्याच्या रेडिओची अँटेना बिघडलेली होती, त्यामुळे "मी निघतोय" हा निरोप पलीकडे पोहोचलाच नसावा. एक अँटेना, आणि दोन्ही पायलट आपापल्या परीने बरोबर.

ग्रँड कॅनियन, फेब्रुवारी २०१८. उतरताना मागून वारा, हेलिकॉप्टर गिरक्या घेऊन खाली आलं. आदळलं तेव्हा काही प्रवासी जिवंत होते, बाहेरही आले. पण इंधनाची टाकी फुटली आणि आग. पाच गेले. आदळल्यावर न फुटणाऱ्या टाक्या बनवता येतात हे जगाला कित्येक वर्षं माहीत होतं. अमेरिकेत ती सक्ती झाली एप्रिल २०२०नंतर बनणाऱ्या हेलिकॉप्टरांना. जुनी तशीच उडू शकतात.

केदार_रिटर्न

हा धागा न्यूयॉर्कचा आहे माहीत आहे, पण पुण्यातून दरवर्षी शेकड्याने माणसं केदारनाथला हेलिकॉप्टरने जातात, त्यांच्यासाठी लिहितो.

मी २०२३ला गेलो होतो. आईचे गुडघे. फाटा नावाच्या गावाहून उडालो. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या आधीच्या फेरीला पायलटने अर्ध्यातून परत आणलं, दरीत ढग आला म्हणून. रांगेतले लोक त्याच्यावर ओरडत होते. "सकाळपासून बसलोय, आमचे पैसे गेले." आणि खरं सांगतो, मीही त्यांच्यात होतो.

१५ जून २०२५ला गौरीकुंडच्या वर जंगलात बेल ४०७ पडलं. सात जण, एक लहान मूल. महाराष्ट्रातलं कुटुंबही त्यात होतं. तेव्हा मला तो ओरडा आठवला. दोन दिवस झोप नाही.

भोसरीकर

केदार, असं मनाला लावून घेऊ नका. रांगेत सगळेच ओरडतात.

केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. तिथे हवा विरळ. पात्यांना पकड कमी, इंजिनालाही कमी हवा. पुण्यात सहज उचललं जाणारं वजन तिथे उचलताना हातात काही शिल्लक राहत नाही. त्यात दरी अरुंद, ढग आला तर वळायला जागा नाही, आणि पायलटला बाहेर बघूनच उडवायचं. त्यात रांगेतल्यांचा ओरडा. अपघाताला धातूत भेग असायची गरजच पडत नाही.

पाषाणकन्या

आणि ८ मे २०२५, उत्तरकाशीत गंगनानीजवळ. पायलट अडचणीत होता, रस्त्यावर उतरवायचा प्रयत्न करत होता. एएआयबीच्या, म्हणजे आपल्याकडच्या विमान अपघात चौकशी संस्थेच्या, प्राथमिक अहवालात आहे की पातं रस्त्याकडेने गेलेल्या फायबरच्या केबलला लागलं. सातांतले सहा गेले. इंटरनेटची केबल! मूळ अडचण काय होती, हा प्रश्न वेगळाच.

चहाबाज

अवांतर: आमच्या गल्लीत अशा केबलचं जाळं आहे की कावळाही विचार करून उडतो.

नळस्टॉप

अपडेट देतो. हा धागा मी सेन्सॉर करून बाबांना वाचून दाखवला. भोसरीकर काकांचा शिंपल्याच्या रेषांचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. बाबा टर्नर होते, पहिल्या पाळीतले. "हा माणूस खरं बोलतोय," म्हणाले. आणि तरी जाणार म्हणाले.

काका, जाणारच असतील तर ताईने काय विचारून घ्यावं?

भोसरीकर

गिअरच्या आतली भेग कोणालाच विचारून कळणार नाही. त्याचा नाद सोडा. विचारता येईल ते असं: दारं बंद असलेलंच हेलिकॉप्टर घ्या, फोटो काचेतून काढा. पाण्यावरून उडणार तर फुगे आहेत का, लाइफ जॅकेट कमरेला देतात का. पट्टा कसा सुटतो हे बाबांनी स्वतःच्या हाताने दोनदा सोडून बघायचं, कोणी हसलं तरी. दोन इंजिनांचं असेल तर बरं, पण त्याने हडसनवालं टळलं असतं असं समजू नका. आणि हवा बिघडली म्हणून फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात का, हे आधी विचारा. पैसे जाणार असतील तर लोक पायलटच्या मागे लागतात. केदारने लिहिलंच आहे.

रेवा_हडसनकाठ

आणि नळस्टॉप, तुझ्या ताईला म्हणावं, फेरीबोट पण आहे. तिकीट किरकोळ, स्वातंत्र्यदेवी जवळून दिसते.

नळस्टॉप

ताईने काल दोन ठिकाणी फोन केला. एकाने सगळ्या प्रश्नांना "डोन्ट वरी" हे एकच उत्तर दिलं. दुसऱ्या बाईंनी आमचा एकही प्रश्न ऐकायच्या आधी विचारलं, तिघांची वजनं किती? कपड्यांसकट. तिथे आल्यावर पुन्हा काट्यावर उभं करणार म्हणे.

हे काय प्रकरण आहे?

भोसरीकर

चांगलं प्रकरण आहे. कोणाला कुठे बसवायचं हे वजनावर ठरतं. तोल पंख्याच्या बरोबर खाली राहायला हवा, जड माणसं सगळी एका बाजूला बसली तर पायलटचा दांडा त्या तोलाशी भांडण्यातच संपतो. या दुसऱ्या बाईंकडे जा.

नळस्टॉप

बाबा ६८ किलो. ताईने स्वतःचं सांगितलं. आई म्हणते, परक्या बाईला फोनवर वजन सांगायची आमच्याकडे पद्धत नाही, मी बोटीने येते.